बटर की मार्जरीन? मावशीच्या नानकटाईचा हिशेब

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला इंदूरहून मावशीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही. मी जरा घाबरतच उचलला, तर पलीकडून थेट प्रश्न: "अगं, मार्जरीन वाईट असतं का गं?"

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझी मावशी गेली सहा-सात वर्षं घरून केक आणि दिवाळीची नानकटाई करून देते. सुरुवात हौस म्हणून झाली होती. पण जूनमध्ये काकांची नोकरी सुटली आणि मावसभावाचं कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं, तेव्हापासून ती हौस राहिलेली नाही. महिन्याला अर्ध्या किलोचे बाराएक केक आणि दिवाळीला वीस किलो नानकटाई, असं तिचं गणित आहे. ऑर्डर वाढवायची तर ओव्हन एकच, हातही दोनच. मग वाचवायचं कुठे? तिच्या ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, "बटर, तूप कशाला वापरता? मार्जरीन घाला, कोणाला कळतसुद्धा नाही."

मावशीला खटकलं ते शेवटचं वाक्य. "कोणाला कळत नाही म्हणजे कळू द्यायचं नाही, असंच ना?" ती म्हणाली.

मी बीए इंग्लिश केलंय, केमिस्ट्रीची आणि माझी दहावीतच फारकत झाली. पण या सदरात दर वेळी तुम्हाला स्वयंपाकघरातला पैसा कसा वाचवायचा ते सांगते, आणि माझ्याच मावशीला उत्तर देता येईना, हे काही बरं नव्हतं. म्हणून दोन रविवार खर्च केले, पाव किलोपेक्षा जास्त बिस्किटं एकटीने खाल्ली (चाचणी म्हणून!) आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडते.

आधी हे दोन आहेत तरी काय?

बटर म्हणजे दुधाची चरबी. पुड्यावर वाचलंत तर दिसेल की त्यात साधारण ८० टक्के फॅट, १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेलं मीठ व दुधाचा थोडा अंश असतो. म्हणजे १०० ग्रॅम बटर घेता तेव्हा तुम्ही १६ ग्रॅम पाणीही विकत घेता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्जरीनही साधारण असंच: ८० टक्के फॅट, बाकी बरंचसं पाणी. फरक एवढाच की फॅट दुधाचं नसून तेलाचं असतं, आपल्याकडे बहुतेक वेळा पाम तेलाचं. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहील असं करतात, मग रंग आणि वास बटरसारखा देतात. त्याचा जन्मच मुळी स्वस्ताईसाठी झाला. १८६९ साली फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता आणि इपोलीत मेझ-मूरिए या रसायनतज्ज्ञाने तो करून दिला. तेव्हा तो गाईच्या चरबीपासून बनायचा. म्हणूनच की काय, आजही कोणी ना कोणी विचारतं, "मार्जरीन व्हेज असतं का?" आपल्याकडे मिळणारं तेलाचंच असतं, पण पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून घ्या म्हणजे शंका नको.

आणि डालडा? ते तिसरं प्रकरण. वनस्पती तुपात पाणी जवळजवळ नसतंच, सगळं फॅट. आपल्या आज्यांनी साट्याच्या करंज्या आणि शंकरपाळी यावरच केल्या. जाता जाता एक गंमत सांगते. वनस्पतीत तिळाचं तेल घालण्याचा आपल्याकडे जुना नियम आहे. का? तर कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळलं, तर तिळाच्या तेलामुळे तपासणीत लालसर रंग येतो आणि भेसळ पकडली जाते. म्हणजे "कोणाला कळत नाही"वाल्यांचा बंदोबस्त फार आधीच करून ठेवलाय!

माझी फजिती

पहिल्या रविवारी मी उत्साहाने खाली उतरले आणि बंगळूरमधल्या आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानातून एक डबी घेऊन आले. पिवळा रंग, बटरसारखंच दिसणारं आणि बटरपेक्षा स्वस्त. तेच मार्जरीन समजून बिस्किटं केली. ट्रेवर बारा गोळे ठेवले होते. ओव्हनमधून एकच मोठं, ट्रेएवढं बिस्किट बाहेर आलं. कडेला करपलेलं, मध्ये चिवट. माझ्या रूममेटने ते कात्रीने कापून खाल्लं, यावरून काय ते समजा.

मग डबी नीट वाचली. त्यावर "फॅट स्प्रेड" असं लिहिलेलं होतं. स्प्रेड म्हणजे पावाला लावायचं. त्यात फॅट ८० टक्क्यांपेक्षा कमी असतं, काहींमध्ये तर ४० टक्क्यांपर्यंतही, आणि उरलेली जागा पाणी घेतं. पावाला लावायला ते ठीक आहे. पण बिस्किटात एवढं पाणी गेलं की पीठ सैल होतं, गोळे पसरतात आणि मैद्याला पाणी मिळाल्यामुळे खुसखुशीतपणाऐवजी चिवटपणा येतो. वर स्वस्त आहे म्हणून आनंद! अहो, पाण्याचेच पैसे देत होतो आपण.

तेव्हा पहिली गोष्ट: किराणा दुकानातल्या डबीवर "स्प्रेड", "लाइट" किंवा "लो फॅट" असं काही दिसलं, तर ती बेकिंगसाठी घेऊ नका. खरं बेकरी मार्जरीन बहुधा बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, आणि तिथेही केकसाठी वेगळं व खारी-पफसाठी वेगळं असतं. पफवालं जास्त तापमानाला वितळतं. ते केकमध्ये घातलंत तर टाळूला मेणासारखं चिकटेल. दुकानदाराला "केक मार्जरीन द्या" असं स्पष्ट सांगा.

दुसरा रविवार: तीन बश्या

या वेळी शहाणपणाने घेतलं. सगळ्यात सोपी बिस्किटं: तीन भाग मैदा, दोन भाग फॅट, एक भाग साखर. म्हणजे १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर किंवा मार्जरीन आणि ५० ग्रॅम पिठीसाखर. वेलदोडा, व्हॅनिला काही नाही, म्हणजे वासाला लपायला जागाच नको. एक घाणा बटरचा, एक मार्जरीनचा, एक निम्मं-निम्मं. बश्यांखाली चिठ्ठ्या लावल्या आणि दोन रूममेट, शेजारच्या आंटी व त्यांचा नातू अशा चौघांना बसवलं.

ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटांनी कोणालाच ठाम सांगता आलं नाही. उलट नातवाने मार्जरीनच्या बशीला पहिला नंबर दिला, कारण ती बिस्किटं जास्त फुललेली, जास्त नीटस दिसत होती. मी जरा खट्टू झाले, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तीच बिस्किटं पुन्हा दिली. आता चौघांनीही बटरची बशी ओळखली. आंटी म्हणाल्या, "इसमें कुछ मुँह में रह जाता है," आणि मार्जरीनची बशी बाजूला सरकवली. निम्म्या-निम्म्याची बशी मात्र बटरच्या बरोबरीने संपली.

यामागचं कारण सोपं आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आपल्या तोंडात ३७ अंश तापमान असतं. त्यामुळे बटरचं बिस्किट जिभेवर ठेवलं की विरघळतं आणि वास मोकळा होतो. मार्जरीन घट्ट राहावं म्हणून त्याचा वितळण्याचा बिंदू बऱ्याचदा त्याहून वर ठेवलेला असतो, मग ते तोंडात पूर्ण वितळत नाही आणि टाळूवर पातळ थर राहतो. गरम बिस्किटात ते आधीच वितळलेलं असतं म्हणून कळत नाही, गार झालं की कळतं.

पण मार्जरीनच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण ते नुसतं "गरिबांचं बटर" नाही. केक करताना आपण साखर आणि फॅट फेटतो, तेव्हा साखरेचे कण फॅटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात. केक फुगतो तो बराचसा या बुडबुड्यांच्या जिवावर. बटरला हे काम फक्त १८ ते २१ अंशांच्या आसपास नीट जमतं. बंगळूरच्या हवेत ते शक्य आहे. मे महिन्यात इंदूर, नागपूर किंवा हैदराबादला? फेटता फेटता बटरचं सूप होतं. मार्जरीन त्या उकाड्यातही टिकतं आणि हवा धरून ठेवतं. बेकरीवाले ते वापरतात ते फक्त पैशासाठी नाही. खारीच्या पदरांत आपल्या उन्हाळ्यात बटर घातलं, तर लाटतानाच ते बाहेर गळायला लागेल.

बटरच वापरायचं असेल तर उन्हाळ्यात एक करा: भांडं आणि साखर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बटर पूर्ण मऊ होण्याआधीच फेटायला घ्या. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट आत रुतू नये.

आता पैशाचं बोलू

मी घेतलेल्या सामानाचे भाव सांगते. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण प्रमाण साधारण हेच राहील. अर्धा किलो बटर २८५ रुपये, म्हणजे १०० ग्रॅमला ५७. (२२ सप्टेंबर २०२५ पासून बटर आणि तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, म्हणून जरा उतरलंय.) "मोठा पुडा घेतला की खूप स्वस्त पडतं" असं आपल्याला वाटतं ना? मी शंभर ग्रॅमचा छोटा पुडा ५८ला घेतला होता. म्हणजे अर्ध्या किलोमागे वाचले फक्त पाच रुपये. केक मार्जरीन अर्धा किलो १२० रुपये, म्हणजे १०० ग्रॅमला २४.

अर्ध्या किलोच्या केकला साधारण १०० ग्रॅम फॅट लागतं. मार्जरीन वापरलं तर एका केकमागे ३३ रुपये वाचतात. मावशीच्या बारा केकांचे महिन्याला ३९६.

नानकटाईचं गणित थोडं वेगळं आहे, कारण ती तुपाची. मावशीच्या एक किलो नानकटाईत ३०० ग्रॅम साजूक तूप जातं. तुपाचा भाव किलोला ६७० धरला तर झाले २०१ रुपये. त्याऐवजी मार्जरीन घ्यायचं, तर इथे तो पाण्याचा आकडा आठवा. तुपात पाणी नसतं आणि मार्जरीनमध्ये फॅट ८० टक्केच असतं. म्हणून ३०० ग्रॅम तुपाच्या जागी ३७५ ग्रॅम मार्जरीन लागेल, त्याचे ९० रुपये. किलोमागे १११ रुपयांचा फरक, वीस किलोला २,२२० रुपये.

हा आकडा मी मावशीला फोनवर सांगितला तेव्हा ती काही क्षण गप्प होती. २,२२० म्हणजे भावाच्या कॉलेजच्या बसचे दोन महिने. "कोणाला कळत नाही" हे वाक्य अशा वेळी किती सोयीचं वाटू लागतं, हे मला तेव्हा कळलं.

इथे एक सल्ला खोडून काढते, कारण तो मलाही कुणीतरी दिला होता: "तूप महाग आहे ना, मग बटर आणून घरी कढव." हिशेब करू. ५०० ग्रॅम बटरमधून फार तर ४०० ग्रॅम तूप निघतं. म्हणजे २८५ रुपयांत ४०० ग्रॅम, किलोला ७१२ रुपये आणि वर गॅस. विकतच्या तुपापेक्षा महाग! बटरमधलं मीठ बेरीबरोबर खाली राहतं, त्यामुळे तूप खारट होत नाही हे खरं, पण बचत काही होत नाही.

घरच्या सायीचं लोणी ही मात्र खरी बचत. आमच्या आईकडे रोज एक लिटर फुल क्रीम दूध येतं आणि आठवड्याच्या सायीतून दीड-दोनशे ग्रॅम लोणी सहज निघतं. बिनमिठाचं, ताजं, किंचित आंबूस. बिस्किटांत ती आंबूस चव इतकी छान लागते की विचारू नका. एकच पथ्य: लोणी गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन गाळणीत तासभर निथळू द्या आणि हाताने दाबून पाणी काढा. नाहीतर माझ्या पहिल्या रविवारची पुनरावृत्ती होईल. आणि विकतच्या खारट बटरचा केक करत असाल तर पाककृतीतलं मीठ गाळा. शंभर ग्रॅम बटरमध्ये साधारण अर्धा चमचाभर मीठ आधीच असतं.

तब्येतीचं काय?

मावशीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ: मार्जरीन वाईट असतं का?

ही बदनामी झाली ती ट्रान्स फॅटमुळे. तेल घट्ट करण्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे अर्धवट हायड्रोजनेशनमध्ये, ट्रान्स फॅट तयार व्हायचं आणि ते हृदयासाठी खरोखरच वाईट. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. पण भारतात एफएसएसएआयने तेलं, वनस्पती आणि मार्जरीनमधल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. म्हणजे आज पुड्यात नीट लेबल असलेलं मार्जरीन आपल्या लहानपणच्या मार्जरीनसारखं राहिलेलं नाही. सुटं, बिनलेबलचं, डब्यातून कापून देतात ते मात्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. त्यात काय आहे ते ना तुम्हाला कळणार, ना दुकानदाराला.

म्हणून मार्जरीन "हेल्दी" झालं का? तसंही नाही. पाम तेलात जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेड फॅट असतं, बटरमध्येही निम्म्याच्या आसपास. बटरमध्ये कोलेस्टेरॉल असतं, मार्जरीनमध्ये नसतं, पण "कोलेस्टेरॉल फ्री" एवढ्या दोन शब्दांवर भाळून जाऊ नका. घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर बटर की मार्जरीन यापेक्षा केकचा तुकडा केवढा आणि आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्न मोठा आहे. तो डॉक्टरांना विचारा, मला नको.

जो पर्याय कोणी सांगत नाही

केकसाठी मला सापडलेलं सगळ्यात स्वस्त उत्तर बटरही नाही आणि मार्जरीनही नाही. साधं सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल!

तेलात पाणी नसतं, म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा दूध घ्यायचं. तेल किलोला १५० धरलं तर एका केकमागे १२ रुपये. मार्जरीनच्या निम्मे! वर सॅच्युरेटेड फॅट दोघांपेक्षा पुष्कळ कमी. तेल साखरेबरोबर फेटून हवा धरत नाही, म्हणून अंडी आणि साखर चांगली फेटायची, किंवा बिनअंड्याचा असेल तर दही आणि खायच्या सोड्यावर भिस्त ठेवायची. चॉकलेट केक तेलाचा जास्तच चांगला होतो. कोकोच्या वासापुढे बटरचा वास तसाही हरतो, आणि तेल फ्रिजमध्ये घट्ट होत नसल्यामुळे केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ओव्हन नसेल तर कुकरमध्येही हाच केक करा. फक्त शिट्टी आणि रबर काढायला विसरू नका.

व्हॅनिला केक, मावा केक यांत मात्र वासच सगळं काही असतो. तिथे बटरच. फार तर निम्मं बटर, निम्मं मार्जरीन. केकवरच्या बटर आयसिंगमध्ये मार्जरीन अजिबात नको, ते कच्चंच खायचं असतं आणि टाळूवरचा थर तिथे सगळ्यात जास्त जाणवतो.

आणि नानकटाई? मोहनाचं महत्त्व आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. शंकरपाळीच्या पिठात तूप चोळून मुठीत मुटका वळतो का ते बघणारी आजी नेमकं हेच काम करत असते: मैद्याच्या कणाकणाला फॅटचं अस्तर द्यायचं, म्हणजे पीठ चिवट होत नाही. हे काम डालडाही करतं, मार्जरीनही करतं. खुसखुशीतपणा तिघांचाही येतो. पण नानकटाईचा डबा उघडल्यावर जो वास येतो, तो तुपाशिवाय येत नाही. ती विकत घेणारे त्या वासाचेच पैसे देतात.

मग मावशीने काय केलं?

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने वही काढली आणि मला फोनवर तसंच थांबवून ठेवलं. ती वहीत लिहिताना मोठ्याने बोलते, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

बारापैकी आठ केक चॉकलेटचे असतात. ते तेलाचे करायचे. केकमागे ५७ ऐवजी १२, म्हणजे ४५ वाचले, आठ केकांचे ३६०, दिवाळीपर्यंतच्या दोन महिन्यांचे ७२०. व्हॅनिलाचे चार बटरचेच राहतील, कारण तिच्या मेसेजमध्ये "बटर केक" असं लिहिलेलं असतं ते त्यांच्याबद्दलच. नानकटाई साजूक तुपाचीच, पण किलोमागे साठ रुपये वाढवायचे. वीस किलोचे १,२०० झाले. एकूण १,९२०.

"२,२२०ला तीनशे कमी पडले," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नको, मला कळतंय," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मला आधी वाचायला पाठवला होता. मी त्यात दोन-चार छान शब्द घालायला निघाले होते, ती नको म्हणाली. मेसेज एवढाच होता: "या वर्षी नानकटाई किलोला ६० रुपये जास्त पडेल. तूप साजूकच आहे. कमी भावाची हवी असल्यास निम्मं तूप, निम्मं मार्जरीन घालून करून देईन, तशी चिठ्ठी डब्यावर लावीन. चॉकलेट केक यापुढे तेलाचे असतील."

निम्म्या-निम्म्याच्या नानकटाईसाठी किलोला १५० ग्रॅम तूप आणि साधारण १९० ग्रॅम मार्जरीन, असं प्रमाण मी तिला दिलंय. पीठ थोडं सैल वाटलं तर दोन चमचे बेसन वाढवायचं आणि गोळे भाजण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे पसरत नाहीत. तुम्हीही करून बघा.

हा मजकूर लिहीपर्यंत साजूक तुपाच्या चौदा किलोंची आणि निम्म्या-निम्म्याच्या पाच किलोंची ऑर्डर आली होती. एका काकूंनी कळवलं की या वर्षी नको, मुलाकडे जाणार आहोत. ते भाववाढीमुळे की खरंच मुलाकडे, हे मावशीला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या कमी पडलेल्या तीनशेचं काय, असं मी काल पुन्हा विचारलं. म्हणाली, "नानकटाईवरचा पिस्ता काढलाय. वेलदोडा घालतेय जास्त."

वेलदोड्याचा भाव मी तिला अजून सांगितलेला नाही.